रुमानियाचे तीर्थोपाध्ये

सबंध काशीत रुमानियाच्या हवामानाची काळजी वाहणारा एकच माणूस आहे, आणि तो माझा साडू आहे. हे विधान मी जबाबदारीने करतो. तीस वर्षं मी इथल्या एका हिंदी दैनिकात आधी बातम्या आणल्या, मग इतरांच्या तपासल्या. 'एकच', 'सर्वात', 'पहिल्यांदाच' असे शब्द दिसले की माझं लाल पेन आपोआप चालायचं. इथे मात्र तो शब्द मी मुद्दाम ठेवला आहे. ब्रह्मा घाटापासून पंचगंगा घाटापर्यंत मी रीतसर चौकशी केली. रुमानियातल्या क्लूज नावाच्या शहरात आज ऊन आहे की पाऊस, हे बहुतेकांना ठाऊक नव्हतं. ज्या तीन नावाड्यांना आणि एका चहावाल्याला ठाऊक होतं, त्यांना ते साडूभाऊंनीच सकाळी अंघोळीला येताना सांगितलं होतं. मे महिन्यात घाटाच्या पायऱ्या तव्यासारख्या तापतात, तेव्हा ते ओला पंचा पिळत सांगतात, "तिकडे बावीस. सुखात आहेत." जानेवारीत धुक्यात पलीकडचा किनारा दिसेनासा झाला की त्यांचा आवाज गंभीर होतो. "उणे अकरा. कुणी घराबाहेर पडणार नाही. घरात बसले की सोफा दिसेल. सोफा दिसला की अभ्रा आठवेल." हवामानापासून व्यापारापर्यंत इतक्या कमी पायऱ्यांत पोहोचणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

साडूभाऊ मूळचे तीर्थोपाध्ये. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या माणसांची राहण्याची सोय करायची, त्यांचे विधी करायचे, आणि निघताना त्यांचं नाव, गाव, बाप, आजा, पणजा हे सगळं लाल कापडात बांधलेल्या लांबट वहीत लिहून ठेवायचं, हा घराण्याचा व्यवसाय. अशा सतरा वह्या त्यांच्या घरी आहेत; जुन्या मोडी लिपीत आहेत आणि त्या वाचताना साडूभाऊंना चष्मा लागत नाही. कोणत्या घराने कोणत्या गावांची माणसं सांभाळायची हे पूर्वीपासून ठरलेलं. त्यांच्या वाट्याला नाशिककडची काही गावं होती. आता नाशिकची माणसं प्रवासी कंपनीच्या बसने येतात, हॉटेलात उतरतात, दोन दिवसांत अयोध्या उरकून परत जातात. वही उघडायचे प्रसंग वर्षाला चार-पाच उरले. वयाच्या बावन्नाव्या वर्षी साडूभाऊ उशांच्या अभ्र्यांकडे वळले ते यामुळे, आणि थोडे ताईमुळे. ताई म्हणजे त्यांची बायको, माझ्या बायकोची थोरली बहीण. तिने किनखापाच्या उरलेल्या तुकड्यांचे चार अभ्रे शिवून खिडकीत वाळत घातले होते. गल्लीतून जाणाऱ्या एका परदेशी बाईने ते खालूनच हात करून मागितले. ताई म्हणाली, विकायचे नाहीत. साडूभाऊंनी पळत जाऊन ते देऊन टाकले आणि तिचं नाव विचारायला विसरले. ही रुखरुख त्यांना अजून आहे. पहिली यजमानीण आणि तिचं नाव वहीत नाही.

पुढे निर्यात करायची म्हटल्यावर देश कोणता हा प्रश्न आला. त्यांची मुलगी मुक्ता वाणिज्य शिकलेली. तिने लॅपटॉपवर बाजारपेठांचे तक्ते काढले. साडूभाऊंनी ते बाजूला सरकवले आणि घराण्याच्या पद्धतीने विचार केला. जर्मनी भदोहीच्या गालिचेवाल्यांकडे, इंग्लंड पानिपतच्या कापडवाल्यांकडे, अमेरिका मोठमोठ्या कंपन्यांकडे. दुसऱ्याच्या गावात आपण शिरायचं नसतं. ज्या गावाला अजून कुणी उपाध्ये नाही ते शोधायचं. मुक्ताने तक्ता खाली सरकवता सरकवता रुमानियावर आणला. तिथे नव्या इमारती उठत होत्या, तरुण जोडपी हप्त्यांवर घरं घेत होती, मॉल उघडत होते. साडूभाऊंनी तिथल्या एका घराचा फोटो पाच मिनिटं न्याहाळला. भिंती पांढऱ्या, सोफा राखाडी, त्यावर एकही उशी नाही. "अरे अरे," ते म्हणाले, "किती उघडा." त्या क्षणी रुमानिया त्यांच्या वाट्याला आला. एका देशाची वाटणी पाच मिनिटांत आणि कुठल्याही वादाशिवाय झाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

मग त्यांनी दिवाणखान्यात रुमानियाच्या वेळेचं दुसरं घड्याळ लावलं. तो देश वर्षातून दोनदा घड्याळ मागेपुढे करतो हे कळल्यावर ताई वैतागली, पण साडूभाऊंना त्यात काही विचित्र वाटलं नाही. "आपल्याकडे अधिक महिना, त्यांच्याकडे अधिक तास. पंचांग सांभाळणारी माणसं दिसतात." सकाळचा दुसरा चहा ते क्लूजच्या आठ वाजता घेऊ लागले. आमच्या साडेदहाला. घड्याळ बदललं की साडेअकराला, आणि मग जेवण पुढे जायचं. ताईने एकदा माझ्या देखत विचारलं, "तुमच्या रुमानियात बायका स्वयंपाक किती वाजता आटोपतात, तेही विचारून घ्या एकदा." साडूभाऊंनी ते खरंच टिपून घेतलं.

अभ्र्याची परीक्षा घेण्याची त्यांची पद्धत तर कुठल्याही प्रयोगशाळेत नाही. नवा नमुना आला की तो उशीला घालायचा आणि दुपारच्या जेवणानंतर त्यावर डाव्या कुशीवर बरोबर वीस मिनिटं झोपायचं. उठल्यावर गालावर नक्षी उमटली असेल तर नमुना नापास. जरीचं काम टोचरं असायचं, त्यामुळे सुरुवातीचं वर्षभर साडूभाऊ दुपारी चारच्या सुमारास गालावर नक्षीतली ठसठशीत कैरी घेऊन गल्लीत फिरताना दिसत. जैतपुऱ्यात रहमत मियाँचे आठ हातमाग आहेत. साडूभाऊंचा सगळा माल तेच विणतात. साडूभाऊ तसाच गाल घेऊन तिथे जात आणि काही न बोलता तो पुढे करत.

"पंडितजी," रहमत मियाँ चष्मा वर करून म्हणत, "आप तकिया बेच रहे हैं कि गाल?"

"मियाँ, वो लोग इस पर सोएँगे."

"बनारसी काम पर कोई सोता है? देखने की चीज़ है. सोना हो तो सूती ले लें."

हा वाद सात महिने चालला. शेवटी रहमत मियाँनी जरी कमी करून रेशमाचा ताणा बदलला, कैरी बारीक केली, आणि एका दुपारी साडूभाऊ वीस मिनिटांऐवजी दीड तास झोपले. उठले तेव्हा गाल कोरा होता. त्यांनी रहमत मियाँना फोन लावून एवढंच सांगितलं, "मियाँ, कुछ नहीं छपा." मागावरचे सगळे हसल्याचा आवाज फोनमधून मला ऐकू आला.

गिऱ्हाईक मिळवून दिलं मुक्ताने. क्लूजमध्ये घरसजावटीच्या तीन दुकानांची मालकीण, नाव इलियाना. पहिल्या व्हिडिओ कॉलला मी हजर होतो, कारण साडूभाऊंना साक्षीदार लागतो. ते धूतवस्त्र नेसून, गळ्यात उपरण्यावरून टेप लटकवून बसले होते. इलियानाबाईंनी कापडाचं वजन विचारलं, रंग टिकेल का विचारलं, मुक्ताने उत्तरं दिली. मग साडूभाऊंनी वही उघडली.

"बेटा, विचार. वडिलांचं नाव?"

"बाबा, असं नाही विचारत. बायर आहे ती."

"बायर असली म्हणून काय झालं, वडील नसतील का तिला? विचार. आजोबांचं पण. मूळ गाव कोणतं ते पण."

मुक्ताने विचारलं. पडद्यावरच्या बाई सावकाश, स्पष्ट उच्चारात एकेक नाव सांगत गेल्या आणि स्वतःही काही लिहून घेत राहिल्या. भारतातून माल मागवायला आजोबांचं नाव लागतं, अशी त्यांची समजूत झाली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून मेल आला. सोबत आजोबांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत, शिक्का मारलेली, आणि आणखी काही कागद हवे असल्यास कळवावे अशी विनंती. साडूभाऊंनी तो दाखला डोक्याला लावला. गोत्राचा रकाना रिकामा राहिला होता. ज्याला गोत्र माहीत नाही त्याचं काश्यप, या नियमाने त्यांनी तो भरून टाकला. मग नोंदीखाली तीन बोटं जागा कोरी सोडली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"पुढच्या वेळी येतील तेव्हाचं लिहायला. मुलं होतील, नातवंडं होतील. नाव लिहिलं की खाली जागा सोडायचीच, पत्रकार. नाहीतर माणूस तिथेच संपला असं होतं."

माझी बायको शेजारीच होती. तिने थट्टेने विचारलं, "भावजी, सतरा वह्यांत आमचं नाव कुठे आहे?"

"तुम्ही काय बाहेरच्या आहात?" साडूभाऊ जवळजवळ रागावले. "वही बाहेरून येणाऱ्यांची. काशीत राहणाऱ्याचं नाव वहीत कशाला हवं? घरच्यांना कुणी लिहून ठेवतं का?"

आता खरी बातमी. इलियानाबाईंनी चार हजार अभ्र्यांची मागणी नोंदवली. माल नाताळाच्या आधी तीन आठवडे दुकानात हवा, नाहीतर नको. साडूभाऊंचा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो दोन वर्षं मागे लागला होता की घर बंद करा आणि इकडे या. आमच्या गल्लीतली मराठी घरं अशीच एकेक करून बंद होत गेली. कुणाची मुलं नागपूरला, कुणाची पुण्याला, दारावर कुलूप आणि कुलपावर भाडोत्र्याच्या हॉटेलची पाटी. गणपतीच्या आरतीला पूर्वी उभं राहायला जागा नसायची, आता सतरंजी एका घडीत मावते. त्या वर्षी गणपतीत मुलगा आला होता. जेवायला बसताना त्याने पुन्हा विषय काढला, तेव्हा साडूभाऊ पानाभोवती पाणी फिरवून म्हणाले, "ही खेप पोचली तर मी इथेच. परत आली तर मियाँचे माग दुसरीकडे लावून देतो आणि तुझ्या मागे येतो. पत्रकार साक्षीला आहेत." ताईने वाढता वाढता हात थांबवला. तिचा जन्म ब्रह्मा घाटाचा, आणि पुण्याच्या पाण्यात डाळ शिजत नाही असं तिचं ठाम मत आहे. आमच्या मुलीनेही पुण्याहून असाच धोशा लावला होता, पण त्याची बातमी अजून व्हायची होती.

रहमत मियाँच्या आठ मागांनी जुलैपासून अडीच महिने सकाळपासून दिवेलागणीपर्यंत काम केलं. शंभर-शंभरचे चाळीस गठ्ठे करून शिवलेला माल आला आणि खालच्या सोप्यात खोकी भरायला सुरुवात झाली. मुक्ता वरच्या मजल्यावर बसून कागदपत्रं करत होती. चाळीस खोकी, प्रत्येकी शंभर नग, एकूण चार हजार. खाली काय चाललं होतं ते तिला दिसत नव्हतं. ते मी पाहत होतो, आणि बातमीदार असून मला त्यात बातमी दिसली नाही, हे इथे कबूल करणं प्राप्त आहे. प्रत्येक खोकं भरलं की साडूभाऊ पुढे होत, एक अभ्रा स्वतःच्या हाताने वर ठेवत, पुटपुटत, आणि मगच चिकटपट्टी लावायला सांगत. मला वाटलं, खोक्याची पूजा असेल. पूजाच होती.

माल मुंबईच्या बंदरातून गेला. साडूभाऊ जहाजाच्या मार्गावरच्या प्रत्येक ठिकाणचं हवामान नावाड्यांना सांगू लागले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, रुमानियाच्या चहाच्या वेळी, इलियानाबाईंचा मेल आला. तिथल्या बंदरावर कस्टमच्या माणसांनी सहज म्हणून तीन खोकी उघडली होती. तिन्हींत शंभराऐवजी एकशे एक नग निघाले. म्हणून त्यांनी आणखी पाच उघडली. पाचांतही एकशे एक. एखाद्या खोक्यात जास्त, एखाद्यात कमी असतं तर मोजण्याची चूक म्हणून सोडून दिलं असतं. पण प्रत्येक खोक्यात एकच, न चुकता एकच जास्त, हे कुणीतरी विचारपूर्वक केलेलं दिसत होतं. माल अडकवला होता. लेखी खुलासा पाच दिवसांत हवा. तो पटला नाही तर खेप परत.

मुक्ताने मेल वाचून दाखवला आणि बापाकडे पाहिलं.

"बाबा, एक जास्त कुठून आला?"

"शकुनाचा," साडूभाऊ म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? नुसता शंभर कुणाला देतात का? अकरा देतात, एकवीस देतात, एकशे एक देतात. शून्यावर संपवून कुणाला वाटेला लावायचं?"

"मग मला सांगायचं ना! पॅकिंग लिस्टमध्ये लिहिलं असतं!"

"शकुन कुणी यादीत लिहितं का?" त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं होतं.

"हद्द झाली बाबा. हद्द."

मी माझ्या सवयीने पुढचा प्रश्न विचारला. हे चाळीस अभ्रे आले कुठून? मागणी चार हजारांची, विणले चार हजार. साडूभाऊंनी उत्तर द्यायच्या ऐवजी रहमत मियाँना बोलावून घेतलं. मियाँ आले, टोपी काढून बसले, ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "हमने दिया था. हर गठ्ठर में एक ऊपर से. हमारे यहाँ भी न्योते में एक सौ एक ही देते हैं. पंडितजी का पहला बड़ा माल था, पूरे सौ पर गाँठ कैसे बाँधते?" आणि शकुन म्हणून आलेली वस्तू घरात ठेवून घ्यायची नसते, ती पुढे द्यायची असते, म्हणून साडूभाऊंनी ती पुढे दिली होती. तर वस्तुस्थिती अशी होती की हे चाळीस अभ्रे कुणी मागितले नव्हते, कुणी विकले नव्हते, आणि दोन्ही देशांच्या कुठल्याही कागदावर ते अस्तित्वात नव्हते. ते फक्त होते.

खुलासा लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. मी चार ओळींत आटोपलं. गठ्ठे बांधताना नजरचुकीने प्रत्येक खोक्यात एक नग जास्त गेला, त्याबद्दल दिलगीर आहोत. साडूभाऊंनी कागद वाचला आणि परत दिला.

"चूक म्हणू नका."

"अहो, चूक म्हटलं की सुटका होते. सगळीकडे तेच म्हणतात."

"चूक म्हटलं तर पुढच्या वेळी सुधारावी लागेल."

"साडूभाऊ, पुण्याची गाडी पकडायची आहे का तुम्हाला?"

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हातातलं फडकं तिने पिळून पिळून कोरडं केलं होतं. थोड्या वेळाने साडूभाऊ म्हणाले, "जायचं तर जाऊ. पण दिलेल्याला चुकून गेलं म्हणून जाणार नाही. मियाँच्या तोंडावर तर नाहीच नाही." रहमत मियाँ खाली मान घालून टोपीची घडी घालत होते.

मग खुलासा खरा लिहिला गेला. साडूभाऊ सांगत होते, मुक्ता इंग्रजी करत होती, मी विशेषणं काढत होतो. आमच्याकडे पूर्ण शंभर देऊन कुणाला निरोप देत नाहीत. शंभर म्हणजे देणं-घेणं संपलं. वर एक ठेवला की गोष्ट चालू राहते. विणणाऱ्याने तो आम्हाला दिला, आम्ही तुम्हाला दिला. हा माल नाही म्हणून तो यादीत नाही. खाली साडूभाऊंनी मराठीत सही केली आणि रहमत मियाँनी उर्दूत. मेल गेला. व्यावसायिक पत्रव्यवहाराचा नमुना म्हणून तो कुठेही छापता आला नसता.

पुढचे चार दिवस साडूभाऊंनी नावाड्यांना हवामान सांगितलं नाही. दुपारी उशीवर आडवे होत, पण डोळे उघडेच असत. ताईने एक ट्रंक खाली काढून पुसून ठेवली. मग कुणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून तिच्यावर चादर टाकली. अर्थात ती सगळ्यांनी पाहिली. पाचव्या दिवशी साडूभाऊ मला घेऊन पंचगंगेच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. म्हणाले, "पुण्यात नदी आहे म्हणतात." मी हो म्हटलं. "मग झालं तर," ते म्हणाले, आणि पंच्याने उगाचच पायरी पुसली. तेवढ्यात वरच्या गल्लीतून मुक्ताची हाक ऐकू आली. ती शंभरेक पायऱ्या धावत उतरत होती, अनवाणी, हातात फोन उघडा, आणि फोनमध्ये इलियानाबाई हेलकावे खात होत्या.

त्या काय म्हणाल्या ते मुक्ताने जसं सांगितलं तसं देतो. पत्र घेऊन त्या स्वतः बंदरावर गेल्या. अधिकारी उतारवयाचे, मिशाळ, नियमांना पक्के. त्यांनी पत्र दोनदा वाचलं. मग विचारलं, म्हणजे यांच्याकडेही फुलांसारखंच आहे का? रुमानियात माणसाला फुलं नेताना विषम नेतात. तीन, पाच, सात. सम संख्येतली फुलं फक्त मयताला. चुकून कुणाच्या वाढदिवसाला सहा गुलाब नेले तर यजमानीणबाई दारातच एक काढून बाजूला ठेवते. अधिकारी म्हणाले, शंभर तर थडग्यावर ठेवायचे. यांनी एकशे एक पाठवले ते बरंच केलं. मग त्यांनी आकडा बदललेला कागद आणि रीतसर दंड मागितला, कारण नियम तो नियम, आणि शिक्का मारला. माल सुटला होता.

साडूभाऊंनी सगळं ऐकून घेतलं. आनंदाने ओरडतील, मुक्ताला जवळ घेतील असं मला वाटलं होतं. त्यांनी फोनकडे पाहून हात जोडले आणि मुक्ताला म्हणाले, "काश्यप म्हणालो नव्हतो?" मग घाटावरच्या यच्चयावत नावाड्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी जाहीर केलं, "क्लूज, सात डिग्री! ऊन आहे!" एका नावाड्याने खालून विचारलं, "पंडितजी, माल पहुँचा?" साडूभाऊ म्हणाले, "माल का क्या है, लोग घर के निकले." त्या संध्याकाळी जैतपुऱ्यात आणि ब्रह्मा घाटावर एकाच दुकानाची जिलेबी वाटली गेली, आणि ताईने ट्रंकेवरची चादर काढून ती ट्रंक जिन्याखाली इतकी आत सारली की पुढे तिच्यातले त्यांचे हिवाळी कपडे काढायला मला जिन्याखाली आडवं पडावं लागलं.

आता प्रत्येक खेपेच्या यादीत खोक्यागणिक स्वच्छ एकशे एक लिहिलेलं असतं. त्यांतले शंभर विक्रीचे, एक शकुनाचा, आणि त्या एकासाठी मुक्ताने कागदावर वेगळा रकाना केला आहे. इलियानाबाई तो एक अभ्रा विकत नाहीत. नव्या घरात राहायला जाणाऱ्या गिऱ्हाइकाला देतात, असं कळतं. फेब्रुवारीत त्या येऊन गेल्या. साडूभाऊंसाठी त्यांनी सात ट्युलिप आणले होते, विमानात मान टाकलेले, पण सात. साडूभाऊंनी वही काढली आणि कोऱ्या सोडलेल्या तीन बोटांत त्यांच्याकडून आईचं नाव लिहून घेतलं.

आता माझ्यापुरतं थोडं. या मे महिन्यात आम्हीच निघालो. बायकोचे गुडघे पायऱ्यांना कंटाळले होते, मुलीला बाळ झालं होतं, आणि मला नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं. सामान गेलं. निघायच्या सकाळी साडूभाऊ-ताईंकडे निरोप घ्यायला गेलो. ताईने अभ्र्यांचं एक पुडकं दिलं. बायकोने तिथल्या तिथे मोजलं. अकरा होते. दोघी बहिणी त्यावर हसल्या आणि मग बराच वेळ हसल्या नाहीत.

साडूभाऊ दिवाणखान्यात दोन घड्याळांखाली बसले होते. समोर वही उघडी होती. मला वाटलं, कुणी यजमान आले असतील. त्यांनी टाक उचलला आणि माझ्याकडे न पाहता विचारलं,

"नाव?"

"साडूभाऊ, काय हे?"

"नाव सांगा, पत्रकार."

मी सांगितलं. वडिलांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं. त्यांना सगळं पाठ होतं. माझ्या वडिलांचं और्ध्वदेहिक त्यांनीच केलं होतं. तरी प्रत्येक नाव ते माझ्या तोंडून ऐकूनच लिहीत होते. माझा जन्म लोकांना नाव, वय, गाव विचारण्यात गेला, उत्तर द्यायची वेळ आली ती ही अशी.

"मूळ गाव?"

"काशी."

"हल्ली मुक्काम?"

"पुणे."

त्यांनी ते लिहिलं. शाई वाळेपर्यंत वहीवर फुंकर घातली. मग नोंदीखाली बोटं ठेवून जागा मोजली. एक, दोन, तीन. थोडा विचार केला, आणि चौथं बोट टेकवलं.